लाकडी मूर्ती घरात ठेवून मूल होत नाही

"ऑस्ट्रियात सापडलेली ३० हजार वर्षांपूर्वीची लाकडी मातृदेवता. हिच्या पोटावरून हात फिरवणाऱ्या तेरा जणींना वर्षभरात दिवस गेले. मूळ देवी आपलीच लज्जागौरी. मूर्ती घरात आणा, डॉक्टरी औषधं बंद करा." खाली फोटो आणि किंमत. हा मेसेज माझ्या मावसबहिणीला तिच्या सासूबाईंनी पाठवलाय. बहिणीची मूल होण्यासाठी ट्रीटमेंट चालू आहे, पोटात इंजेक्शनं घेतेय ती. म्हणून आता गप्प बसवत नाही.

आधी लाकडाचं बघू. ऑस्ट्रियातली ती मूर्ती चुनखडीच्या दगडाची आहे. १९०८ साली विलेनडॉर्फच्या उत्खननात मिळाली, उंची जेमतेम ११ सेंटिमीटर, आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. गेरहार्ड वेबर या शास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी तिचं मायक्रो-सीटी स्कॅन (आतलं बारीकसारीक दाखवणारं स्कॅन) केलं आणि २०२२ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या विज्ञानपत्रिकेत निष्कर्ष छापले. दगडाच्या पोटात शिंपल्याचा अडीच मिलिमीटरचा तुकडासुद्धा दिसला. दगड बहुधा उत्तर इटलीतून, गार्डा सरोवराच्या बाजूनं आलेला. कोरताना त्यातले लोहखनिजाचे टणक कण निखळून खळगे पडले आणि त्यातल्याच एका खळग्याची त्या कारागिरानं बेंबी केली! इतकं सुंदर काम, आणि आपण त्याचं काय करून ठेवतोय? एवढं जुनं लाकूडकाम असेलही, पण साध्या मातीत ते कुजून जातं. रशियाच्या उरल भागातला शिगीरचा लाकडी पुतळा दलदलीतल्या पीटमध्ये, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरात, गाडला गेला म्हणून टिकला, आणि तोही सुमारे १२ हजार वर्षांचाच.

फोटोतली मूर्ती आजची आहे, पटाशीच्या खुणा स्पष्ट दिसतात. आधुनिक शिल्पकारांनी या प्राचीन स्त्रीमूर्तींवरून लाकडात काम केलंय, एवढं मात्र खरं. हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकारानं १९३९ मध्ये एल्म लाकडात कोरलेली पहुडलेली स्त्री बघा, डेट्रॉईटच्या संग्रहालयात आहे. लाकडाच्या रेषा गुडघ्यांवरून, खांद्यांवरून लाटांसारख्या वळत जातात. तो अश्मयुगीन मूर्तींचा मोठा चाहता होता. पण त्या शिल्पाला हात लावा, मूल होईल, असं त्यानं कुणाला सांगितलं नाही.

आता त्या तेरा जणी. ही गोष्ट ऑस्ट्रियाची नाहीच. 'रिप्लीज बिलीव्ह इट ऑर नॉट' या कंपनीनं आयव्हरी कोस्टमधल्या बाउले लोकांचे दोन लाकडी पुतळे घेतले, एक पुरुषाचा आणि एक बाईचा, आणि १९९४ मध्ये फ्लोरिडातल्या ऑफिसात ठेवले. तेरा महिन्यांत तेरा जणी गरोदर राहिल्या, हे कंपनीच सांगते. अद्भुत गोष्टी दाखवून तिकिटं विकणं हा तिचा धंदा. पुतळ्यांना हात लावून गेलेल्या बायका किती, त्यातल्या किती जणींना काहीच झालं नाही, ते कुणी मोजलं? दिवस गेलेली बाई कंपनीला पत्र लिहिते. न गेलेली घरी बसून रडते, तिचं पत्र कुठेच पोचत नाही.

लज्जागौरीचं थोडक्यात सांगते. ती आपलीच आहे, धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी तिच्या मूर्ती सापडल्या आहेत, संततीसाठी तिची पूजाही होत आली आहे. पण तिच्या मूर्ती फार तर दोन हजार वर्षांच्या. ३० हजार वर्षांपूर्वीच्या युरोपशी तिचं नातं जोडायला कसलाही पुरावा नाही. विलेनडॉर्फची बाई देवी होती की आणखी कुणी, तेसुद्धा कुणाला ठामपणे सांगता येत नाही.

आणि "औषधं बंद करा"? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं. मेसेजमध्ये नवऱ्याच्या तपासणीचा एक शब्द नाही, सगळं ओझं बाईच्या पोटावर. आयव्हीएफची (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराची) इंजेक्शनं ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी घ्यावी लागतात. मध्येच सोडली तर उपचाराची ती अख्खी फेरी वाया जाऊ शकते. त्यात पैसे जातात, आणि वय वाढत असताना महिनेही जातात. काकू, मूर्ती आवडली असेल तर हॉलमध्ये ठेवा. सुनेचं औषध मात्र डॉक्टरांशिवाय कुणी बंद करायचं नाही, आणि तो मेसेज ज्यांना ज्यांना पाठवलात त्यांनाही हे आजच कळवा.