लास वेगासचं तिकीट, घरबसल्या

घरबसल्या ऑनलाइन पोकर शिकून लास वेगासच्या मोठ्या स्पर्धेत पोचायचं असेल तर सर्वप्रथम, नोकरी सोडू नका. हौशी पोकरपटू म्हणवून घ्यायचं तर दिवसा कुठेतरी साधी कारकुनी करत असणं फार गरजेचं आहे, कारण उद्या जिंकलात तर बातमी त्या कारकुनीची होते. क्रिस मनीमेकर अमेरिकेत टेनेसी राज्यात हिशेबनीस होता. २००३ साली त्याने ८६ डॉलर भरून एक ऑनलाइन सॅटेलाइट, म्हणजे मोठ्या स्पर्धेतली जागा बक्षीस देणारी छोटी स्पर्धा, खेळली, तिथून वर चढत वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेतली १०,००० डॉलरची जागा पटकावली आणि लास वेगासला ८३९ खेळाडूंत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला. आडनाव खरोखरच मनीमेकर. तुम्ही कुलकर्णी असाल तरी नाउमेद होऊ नका, हिशेबनिशी तुमच्याही रक्तात आहे.

सॅटेलाइटचं गणित मात्र हिशेबनिशीतल्या माणसाने फार खोलात जाऊन करू नये. दहा हजारांची एक जागा शंभर-शंभर डॉलरच्या वर्गणीतून काढायची तर शंभर माणसं लागतात. एक जण विमानात बसतो, नव्व्याण्णव जण त्याचं तिकीट काढून देतात. वर प्रत्येकाकडून कंपनीची फी वेगळी. त्या नव्व्याण्णवांच्या मुलाखती कुणी घेत नाही, त्यामुळे ते नसतातच असं धरून चालावं. मनाला बरं वाटतं.

आता प्रशिक्षण. ऑनलाइन शाळा निवडताना एक पथ्य पाळा: शिकवणारे गुरुजी इतके हमखास जिंकत असतील, तर ते महिन्याच्या फीसाठी व्हिडिओ का करत बसतात, हा प्रश्न तोंडातून काढू नका. वर्गातलं वातावरण बिघडतं. कधीकधी शाळा चालवणारी आणि जुगाराचं टेबल मांडणारी कंपनी एकच असते. ही तर उलट सोय समजावी. अभ्यासात पुढे असणाऱ्याला तिथे स्पर्धेचं प्रवेश-तिकीट बक्षीस मिळतं. आमच्या शाळेत पहिल्या नंबराला कंपासपेटी मिळायची आणि ती घेऊन कुठेही हरायला जावं लागत नसे. पण तो काळ वेगळा होता.

अभ्यासक्रम सोपा आहे. हातात येणाऱ्या पहिल्या दोन पानांचे १६९ प्रकार असतात. त्यांचा तक्ता पाढ्यांसारखा पाठ करायचा. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. ती आली आणि समोर राजांची जोडी निघाली, तरी पाचांतून जवळजवळ एकदा तुम्हीच हरता. अशा वेळी टेबलावर हात आपटायचा नाही. ‘व्हेरिअन्स’, म्हणजे नशिबाचा चढउतार, असं शांतपणे म्हणायचं. शिकलेल्या आणि न शिकलेल्या खेळाडूत हा फरक असतो. पैसे दोघांचेही जातात.

वरच्या वर्गात सॉल्व्हर नावाचा प्रोग्राम शिकवतात. तो सांगतो की या पानांवर शंभरांतल्या ७० वेळा पैसे लावा, ३० वेळा पानं टाकून डाव सोडा. आजची वेळ सत्तरातली की तिसातली, हे कसं ठरवायचं? मनगटावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघून. काटा ४२च्या आत असेल तर लावा, पुढे गेला असेल तर टाका. थट्टा नाही, मुरलेले खेळाडू खरंच असं करतात. एवढी फी भरून, रात्री जागून शेवटी निर्णय घड्याळानेच घ्यायचा असल्यामुळे निदान घड्याळ तरी चांगलं घ्या.

जानेवारी २०१७मध्ये पिट्सबर्गला लिब्रेटस नावाच्या संगणक प्रोग्रामने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डाव खेळून स्वच्छ हरवलं. यावर उपाय एकच. रात्री दोन वाजता तुमच्यासमोर ‘लकीबॉय’ नावाने जो कोणी खेळतोय, तो माणूसच आहे यावर श्रद्धा ठेवा.

धाडसही शिकावं लागतं. अंतिम फेरीत मनीमेकरकडे राजा आणि सत्ती होती, बाकी काहीच जुळलेलं नव्हतं, आणि समोर सॅमी फार्हा हा पट्टीचा खेळाडू नव्वीची जोडी घेऊन बसला होता. मनीमेकरने चेहऱ्यावरची रेघ न हलवता पैशांच्या सगळ्या चकत्या पुढे सरकवल्या. फार्हाने विचार केला, आणि चांगली पानं टाकून दिली. हा डाव प्रत्येक शाळेत दाखवतात. हेच करून पहिल्या अर्ध्या तासात घरी गेलेल्यांचं चित्रीकरण मात्र उपलब्ध नसतं. पुढच्याच वर्षी त्या स्पर्धेत ८३९च्या जागी २,५७६ लोक आले. एका हिशेबनिसाला दिलेल्या २५ लाखांत एवढी जाहिरात पदरात पडली, याला म्हणतात खेळ.

राहता राहिला प्रश्न भूगोलाचा. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला असाल तर चिंता नाही, त्या राज्यात ऑनलाइन पोकर २०१३पासून कायदेशीर आहे. फक्त आयटीतल्या मित्रांना ‘साइड प्रोजेक्ट चालू आहे’ असं सांगा. पुण्यात किंवा नाशकात असाल तर ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आहे. त्याआधी हे खेळ म्हणजे कौशल्य की नशीब यावर वर्षानुवर्षं वकिलांनी कोर्टात वाद घातले. पक्षकार जिंको वा हरो, त्यांची फी कधी बुडाली नाही. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोच्या बोटी अजून उभ्या आहेत, पण तिथे घरबसल्या कसं जाणार?

सहा-आठ महिन्यांत साठवलेली रक्कम संपेल. खचू नका, खरं करिअर इथून सुरू होतं. कधीतरी मिळालेल्या त्या एका तिकिटाचा फोटो जपून ठेवलेला असेलच. तो मोठा करून लावा, खाली ‘हौशी ते चॅम्पियन’ असं लिहा आणि स्वतःची शाळा उघडा. चॅम्पियन कोण, हे लिहायची गरज नाही. पहिला धडा फुकट ठेवा, दुसऱ्यापासून पैसे आगाऊ घ्या, आणि काहीही झालं तरी विद्यार्थ्यांबरोबर टेबलावर बसू नका.