‘यंत्र बिघडले तर ग्राहक आयोग आहेच’ : लघुउद्योजकांना महागात पडणारा समज

लघुउद्योजकांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो. नवे यंत्र घेताना विक्रेत्याच्या बारीक अक्षरांतल्या अटी वाचत बसू नका, असे तो सांगतो. त्याची कारणे तीन : यंत्र सदोष निघाले तर ग्राहक आयोग पैसे परत मिळवून देतो, वॉरंटीच्या काळात बंद पडलेल्या उत्पादनाचे नुकसानही विक्रेत्याला भरावे लागते, आणि कॅटलॉगमध्ये ‘एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) २०,००० तास’ असे छापले असेल, तर तेवढे तास यंत्र बंद पडणार नाही याची ती हमीच असते. यातले पहिले कारण बहुतेक कारखानदारांना लागू पडत नाही आणि उरलेली दोन चुकीची आहेत. कर्ज काढून यंत्र घेणारा माणूस या संदेशावर विसंबून सही करतो, म्हणून त्याचे सविस्तर उत्तर देणे मला गरजेचे वाटते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील ‘ग्राहक’ या शब्दाची व्याख्या व्यापारी हेतूने वस्तू घेणाऱ्याला वगळते. अपवाद एकच आहे : केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी जो वस्तू घेतो आणि स्वतः वापरतो, तो ग्राहकच राहतो. जुन्या कायद्यातल्या याच तरतुदीचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात लावला. सुमारे २१ लाख रुपयांचे यंत्र उशिरा आले आणि सदोष निघाले, अशी त्या कारखान्याची तक्रार होती. मोठ्या प्रमाणावर सुटे भाग बनवून नफा मिळवण्यासाठी घेतलेले यंत्र हे व्यापारी हेतूचेच, असे ठरवून न्यायालयाने त्याला ग्राहक मानले नाही. दिवाणी न्यायालयाचा मार्ग खुला राहिला, पण तोवर काही वर्षे गेली होती. लेथ स्वतः चालवून पोट भरणारा माणूस ग्राहक असतो, मदतीला एक-दोन जण घेतले तरी त्याचा हा हक्क जात नाही; मात्र यंत्र पूर्णपणे दुसऱ्याच्या हातून चालवून घेणारा ग्राहक नव्हे, असेही त्याच निकालात म्हटले आहे. औद्योगिक वसाहतीत दोन पाळ्यांत कामगार लावणाऱ्या मालकाने स्वतःला कोणत्या बाजूला धरायचे, हे यावरून उघड आहे.

या मालकाला लागू होतो तो १९३० चा वस्तुविक्री कायदा, आणि तिथे सहीला फार मोठे वजन असते. हा कायदा करारातील कलमांचे दोन प्रकार मानतो. मूलभूत अट मोडली तर खरेदीदार माल नाकारू शकतो. ‘वॉरंटी’ मोडली तर फक्त भरपाई मागू शकतो. रोजच्या बोलण्यात वॉरंटी हा भक्कम शब्द वाटतो, कायद्यात मात्र तो दुय्यम आहे. शिवाय एकदा माल स्वीकारला की मूलभूत अट मोडलेली असली तरी, करारात वेगळे काही नसल्यास, कलम १३ प्रमाणे ती वॉरंटी मोडल्यासारखीच धरली जाते. वाजवी मुदतीत नकार न कळवता यंत्र ठेवून घेणे हासुद्धा स्वीकारच ठरतो. म्हणून कमिशनिंग रिपोर्टवर, म्हणजे यंत्र बसवून चालू केल्याच्या अहवालावर, सही करण्याआधी चाचणी कोणत्या जॉबवर (सुट्या भागावर), किती नगांवर आणि किती मायक्रॉनच्या मर्यादेत व्हायची, हे पर्चेस ऑर्डरमध्येच लिहिलेले असले पाहिजे. चाचणी अपुरी असताना ‘समाधानकारक’ असे लिहून दिले, तर यंत्र परत करण्याचा हक्क बहुधा त्याच दिवशी संपतो.

उत्पादनाच्या नुकसानीबाबत १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७३ नैसर्गिकपणे उद्भवणारे किंवा करार करताना दोन्ही पक्षांना अपेक्षित असलेले नुकसानच मान्य करते. दूरचे, अप्रत्यक्ष नुकसान नाही. त्या कलमाखालीच एक उदाहरण दिलेले आहे. गिरणी बंद पडली आहे असे सांगून यंत्र वाहतूकदाराकडे सोपवले आणि त्याने विनाकारण उशीर केला, तर त्या काळातला सरासरी नफा मिळतो. पण उशिरामुळे हातचे गेलेले सरकारी कंत्राट भरून मिळत नाही. म्हणजे यंत्र एक दिवस बंद राहिले तर आपले किती जाते, हे आधी लेखी कळवलेले असणे फार उपयोगी पडते. त्यातही विक्रेत्यांच्या छापील अटींत उत्पादनहानीची जबाबदारी नाकारणारे वाक्य सर्रास असते, आणि ते न वाचता खाली सही केलेली असते. बंद दिवसागणिक ठरावीक रक्कम लिहून घेतली तरी कलम ७४ प्रमाणे ती कमाल मर्यादा असते; न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाई देते.

एमटीबीएफ ही तर सरासरी आहे, हमी नव्हे. बिघाडाचा दर स्थिर धरला तर त्या आकड्याइतके तास एकही बिघाड न होता चालणारी यंत्रे १०० पैकी सुमारे ३७ निघतात. दिवसाला १६ तास आणि वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ४,८०० तास चालवले, तर २०,००० तासांची एमटीबीएफ असूनही १०० पैकी साधारण २१ यंत्रे पहिल्याच वर्षी एकदा तरी बंद पडतील. सुरुवातीच्या महिन्यांत बिघाड अधिक होतात, तो भाग यात धरलेलाच नाही. म्हणून कॅटलॉगमधल्या आकड्यापेक्षा करारात काय मोजायचे ते ठरवावे : बिघाड कशाला म्हणायचे, सर्व्हिस इंजिनिअर किती तासांत यायचा, स्पिंडल (फिरणारा मुख्य दांडा) किंवा कंट्रोलर (यंत्राचे नियंत्रण करणारा भाग) बदलल्यावर त्या भागाची वॉरंटी नव्याने सुरू होणार का, आणि बारा महिने मोजायचे ते यंत्र पाठवल्यापासून की चाचणी पार पडल्यापासून. यंत्र खोक्यातच दोन महिने पडून राहिले तर या शेवटच्या फरकाची किंमत कळते.

किमतीचा काही भाग, समजा दहा टक्के, वॉरंटी संपेपर्यंत राखून ठेवण्याचे कलम मला सर्वांत उपयोगाचे वाटते, कारण वॉरंटी मोडल्यास किंमत कमी करून मागण्याचा हक्क वस्तुविक्री कायद्याचे कलम ५९ देते आणि देणे बाकी असले तर हा हक्क दावा न लावताही बजावता येतो. स्वतःच लेथवर उभा राहणाऱ्या एकट्या कारागिराला मात्र संदेशातले पहिले कारण खरोखर लागू पडते : त्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे.