लग्न तुमचं, तिकीट आमचं

तर मुलाचं लग्न गोव्यात करायचं ठरलंय म्हणता? अभिनंदन. नात्यातलंच असं एक लग्न जेवून आम्ही नुकतेच बाणावलीहून परतलोय, क्रेडिट कार्डाचं बिलही येऊन पडलंय. त्यामुळे पाहुण्यांच्या खर्चात लग्न कसं लावावं, हे आता मी अधिकारवाणीने सांगू शकते.

मुख्य पथ्य म्हणजे पैशाचा विषय काढायचा नाही. फोनवर एवढंच म्हणायचं, "अगदी मोजक्या माणसांना बोलावतोय, तुम्ही आल्याशिवाय अक्षता पडायच्या नाहीत." तिकिटं आम्ही काढतो असंही म्हणू नका, तुमची तुम्ही काढा असंही नको. समोरचा विचारणार नाही. आपल्याकडे माणूस एफडी मोडेल, पण यजमानाला "भाडं कोण देणार हो?" असं विचारायचा नाही.

पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" हे मात्र ठळक छापा.

तारीख जरा निवांत कळवावी. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडतं, तेव्हा तुमचा मेसेज 40 दिवस आधी आला की पुरे. डिसेंबरातली कोकणकन्या, मांडवी, तेजस, सगळं तोवर वेटिंगवर गेलेलं असतं. म्हाताऱ्यांची तिकिटातली सवलत मार्च 2020 मध्ये गेली ती गेलीच, म्हणजे तोही मोह नाही. पाहुणे मुकाट्याने विमानाकडे वळतात.

पत्त्याखाली "गोवा एअरपोर्टपासून 40 मिनिटं" असं लिहा. कुठला एअरपोर्ट, ते गुलदस्त्यात राहू द्या. 40 मिनिटं दाबोळीपासून. स्वस्त तिकीट दिसतं ते मोपाचं. मोपा पेडण्यात, गोव्याच्या पार वरच्या टोकाला, आणि तुमचं रिसॉर्ट खाली सासष्टीत. मध्ये अख्खा गोवा. पुढचं टॅक्सीवाला बघून घेईल.

कार्यक्रम चार, रंग चार. 15 किलोच्या बॅगेत पैठणी, पिवळी साडी, "पेस्टल" काहीतरी आणि वाळूत चालतील अशा चपला कशा बसवायच्या, हा पाहुण्यांचा प्रश्न.

आता खोल्या. इथे नीट लक्ष द्या, खरी कमाई इथे आहे. रिसॉर्टमधल्या 40 खोल्या आपल्या नावावर अडवून ठेवायच्या आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं, "सगळ्यांसाठी स्पेशल रेट मिळवलाय, आमचं नाव सांगा!" स्पेशल म्हणजे रात्रीचे 11,500, वर 18 टक्के जीएसटी, कारण खोली 7,500 च्या वरची. तीच खोली ॲपवर 9,800 ला दिसत होती. तिथून घेतली तर लगेच फोन, "अगं, सगळे एकत्र राहू म्हणून केलं होतं, तू वेगळंच चालवलंयस." हे एकत्र राहण्याचं प्रेम कुठून उतू चाललं होतं, ते तिथे गेल्यावर रिसॉर्टच्याच माणसाकडून कळलं. ठरल्या तेवढ्या खोल्या भरल्या की लॉनचं भाडं माफ आणि नवरानवरीची आलिशान खोली फुकट. रिकाम्या राहिल्या तर त्यांचे पैसे यजमानाच्या बोडक्यावर. म्हणजे तुमच्या मांडवाचं भाडं आम्ही भरलं! आणि वर तुम्ही माइक हातात घेऊन म्हणता, "आमच्या प्रेमाखातर तुम्ही सगळे एवढ्या लांब आलात." आम्ही टाळ्या वाजवतो. दुसरं काय करणार, परतीचं तिकीट परवाचं असतं.

ग्रुपवर कोणी खर्चाचं विचारलंच तर जोडलेल्या हातांचा इमोजी टाका.

पूर्वी याद्या व्हायच्या. फुलस्केप कागदाला हळदकुंकू लावून, दोन्हीकडच्या चार मोठ्या माणसांसमोर लिहिलं जायचं: वऱ्हाडाची बस कोणाची, जानवसा कोणाचा, मानपान कोणाचा. बहुतेक कलमांपुढे मुलीच्या बापाचंच नाव यायचं, त्याचा प्रॉव्हिडंट फंड त्यातच जायचा, तेव्हा त्या पद्धतीचे गोडवे मी गाणार नाही. पण प्रश्न निदान कागदावर यायचा. आता मुलीचा बाप सुटला, छान झालं. त्याच्या जागी तुम्ही मुलाच्या बापाच्या आत्याला बसवलंत.

आत्याचं सांगतेच. वय 74, गुडघ्याला पट्टा. स्वस्त पडतं म्हणून पहाटेचं विमान. साडेदहाला रिसॉर्टवर पोचली, तर खोली दुपारी 3 नंतर मिळणार आणि हळद अकराची. लॉबीतल्या बाथरूममध्ये उभ्याउभ्या पिवळी साडी नेसून आली आणि कोचावर टेकली. कोणीतरी हसऱ्या मुलीने तिच्या मांडीवर स्वागताची टोपली ठेवली. काजू, सनस्क्रीन आणि एक छोटी थैली, वर लिहिलेलं "हँगओव्हर किट". आत्याने चष्मा लावून ते वाचलं, आतली ओआरएसची पुडी काढून पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, "ही बरी आहे." भाच्याच्या मुलावर अक्षता टाकायला तिने पेन्शनमधले 31,000 मोजले. भाच्याने तिला विचारलं, "खोली आवडली ना?"

लाज नाही वाटत?

गोवा तुम्ही निवडलात. समुद्राकडे पाठ करून फोटो तुम्हाला काढायचे होते. मग बोलावलेल्या माणसांच्या राहण्याचा खर्च तुमचा, आणि हट्टाने ज्या म्हाताऱ्यांना ओढून नेता त्यांचं तिकीटही तुमचंच. एवढं झेपत नसेल तर पाहुण्यांची यादी निम्मी करा. तेही नको असेल तर पहिल्याच फोनवर तोंड उघडून सांगा, "राहायचं आम्ही बघतो, प्रवासाचं तुमचं तुम्ही बघा." ऐकणारा हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. नाही म्हणाला तर तोंड फुगवून बसू नका, आणि "युरोपला जायला पैसे आहेत, आमच्याकडे यायला नाहीत" असं चार घरी सांगत फिरू नका. यातलं काहीच जमणार नसेल तर डोंबिवलीत हॉल आहेत, ठाण्यात आहेत. तिथे आम्ही लोकलला लोंबकळत येऊ, आमच्या तिकिटाने येऊ, आणि तुम्ही नको म्हटलंत तरी पाकीट आणू.