खुलासा : ६४-बिट फोनमधून ‘निऑन’ गायब झालेलं नाही

अँड्रॉइड डेव्हलपरांच्या ग्रुपांवर एक स्क्रीनशॉट फिरतोय. नव्या फोनच्या ‘सीपीयूइन्फो’ या प्रोसेसरची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये ‘निऑन’ (एकाच सूचनेत अनेक आकड्यांवर काम करणारी आर्म प्रोसेसरमधली सोय) सापडत नाही, तेव्हा फोटो-व्हिडिओचं काम ॲपने साध्या, संथ कोडवरच चालवावं, असा त्यावरचा सल्ला.

सल्ला चुकीचा आहे. त्याच स्क्रीनशॉटमधली ‘फीचर्स’ची ओळ नीट वाचा: ‘एफपी’च्या शेजारीच ‘एएसआयएमडी’ आहे. तेच निऑन. ६४-बिट कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, त्याला या नावाने दाखवतो. अँड्रॉइडच्या ६४-बिट आर्म एबीआयमध्ये (ॲपचा कोड प्रोसेसरवर कसा चालेल याच्या ठरलेल्या नियमांत) ते सक्तीचंच आहे, त्यामुळे तिथे तपासायची गरजच नाही.

ही तपासणी आली ३२-बिटच्या जमान्यातून. २०११च्या मोटोरोला झूममधल्या टेग्रा २ चिपमध्ये निऑन खरोखरच नव्हतं. तेव्हाचा कोड उचलून आज डकवला की चांगला फोनही उगाच रखडतो.

तपासायचंच तर ‘डॉट प्रॉडक्ट’ (गुणाकार आणि बेरीज एकदम करणाऱ्या) सूचना तपासा, म्हणजे ‘एएसआयएमडीडीपी’. कॉर्टेक्स-ए५३ या ६४-बिट प्रोसेसरवर त्या नाहीत. न विचारता वापरल्या तर ॲप जागीच क्रॅश होतं. आणि त्यासाठी फाइलमधले शब्द चाळत बसू नका, ‘गेटऑक्सव्हॅल’ या फंक्शनने थेट कर्नललाच विचारा.