खुलासा : सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घ्याव्यात का?

‘सिगारेट सुटत नाही? रोज एक बीटा-कॅरोटीनची गोळी घ्या, फुफ्फुसं साफ राहतील’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि ओढणाऱ्यांसाठी धोक्याचा. (बीटा-कॅरोटीन म्हणजे गाजरासारख्या भाज्यांतलं रंगद्रव्य; त्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं.)

फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर हीच आशा ठेवून चाचणी झाली. ज्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन मिळालं, त्यांच्यात फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या अशाच चाचणीत गोळ्या १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवाव्या लागल्या.

मेसेज वाचून माझ्या काकांनीही बाटली आणली होती. भिंग लावून मागचं बारीक लेबल वाचलं, तर एका गोळीत १५ मिलिग्रॅम! त्यांनी ती लगेच बंद केली. डोळ्यांसाठीच्या काही गोळ्यांतही हे असतं, तेव्हा ओढणाऱ्यांनी (नुकती सोडलेल्यांनीसुद्धा) लेबल डॉक्टरांना दाखवावं.

गाजर, पालक, लाल भोपळा मात्र खुशाल खा. धोका दिसला तो मोठ्या डोसच्या गोळ्यांत, जेवणातल्या भाजीत नाही.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.