अर्थ पिन तोडून हम घालवू नका

‘स्पीकरमधून घूंऽऽ आवाज येतोय? ॲम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन काढा, आवाज लगेच बंद!’ हा सल्ला जिकडेतिकडे फिरतोय. सोबत कारणंही असतात: हम (हाच घूंऽऽ आवाज) अर्थिंगमुळेच येतो, अर्थशिवायही ॲम्प्लिफायर चालतोच, आणि एमसीबी (आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) असल्यावर भीती कसली? पंचाईत अशी, की पिन काढल्यावर आवाज बऱ्याचदा खरंच थांबतो.

‘हम अर्थिंगमुळे येतो.’ अर्धं खरं. अर्थ असण्याने काही बिघडत नाही, दोन वाटांनी अर्थ झाला की बिघडतं. ॲम्प्लिफायर भिंतीतल्या सॉकेटवर अर्थ झालेला असतो. टीव्हीला बाहेरून आलेली कोॲक्स केबल (अँटेनाची किंवा केबल टीव्हीची गोल तार) असते आणि तिचं शील्ड, म्हणजे आतल्या तारेभोवतीची धातूची जाळी, भलतीकडेच अर्थ केलेलं असतं. या दोन अर्थमध्ये व्होल्टेजचा थोडा फरक असतोच. टीव्ही आणि ॲम्प्लिफायर आरसीए केबलने (नेहमीच्या लाल-पांढऱ्या टोकांच्या ऑडिओ केबलने) जोडले, की तिच्या शील्डमधून करंट वाहू लागतो; हाच ग्राउंड लूप. आरसीएमध्ये सिग्नलची परतीची वाटही तेच शील्ड, म्हणून शील्डवर पडलेलं व्होल्टेज गाण्यातच मिसळतं. सिग्नल जेमतेम 300 मिलिव्होल्टचा. त्यात 1 मिलिव्होल्टची भेसळही शांत खोलीत कानाला लागते. टर्नटेबलचं (रेकॉर्ड वाजवणाऱ्या यंत्राचं) तर उलटंच: त्याची बारीक ग्राउंड वायर ॲम्प्लिफायरच्या स्क्रूखाली लावायची राहिली, तर त्यामुळेच हम येतो!

‘अर्थशिवायही चालतं.’ चालणारच, कारण अर्थ यंत्र चालवण्यासाठी नसतोच. आत फेजची तार सुटून धातूच्या बॉडीला टेकली, तर तो करंट अर्थमधून जोरात वाहतो आणि एमसीबी पडतो. पिन काढलीत, तर त्याच करंटला उरते आरसीएच्या शील्डची केसाएवढ्या तारांची जाळी, नाहीतर हात लावणारा माणूस. ‘अमक्या प्लेअरला कुठे तिसरी पिन असते?’ असं विचारणाऱ्यांनी त्याच्या मागे पाहावं. चौकोनात चौकोन अशी खूण असते, म्हणजे दुहेरी इन्सुलेशन. ती सोय तुमच्या तीन पिनी ॲम्प्लिफायरमध्ये नाही.

‘एमसीबी आहे ना!’ एमसीबी जास्त करंट वाहिला तरच पडतो. अर्थच नसेल, तर बॉडी पूर्ण व्होल्टेजवर गुपचूप बसून राहते आणि एमसीबीला पत्ताही लागत नाही. 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट भलतीकडे गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर तो पडेल, पण बहुधा तुम्हाला झटका बसल्यावर. त्याच्या भरवशावर मुद्दाम अर्थ तोडणं हा शुद्ध वेडेपणा.

सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या केबलबद्दल काय बोलायचं? लूप होता तिथेच राहतो, खिसा तेवढा हलका होतो.

मग करायचं काय? आवाज कमी करा, ॲम्प्लिफायर बंद करून इनपुटची एकेक केबल काढा आणि दर वेळी पुन्हा चालू करून ऐका. सुरुवात टीव्हीच्या कोॲक्सपासून करा, बरेचदा चोर तिथेच सापडतो. तिथे गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (सिग्नल जाऊ देणारा, पण दोन बाजूंचा थेट धातूचा जोड तोडणारा छोटा तुकडा) बसवा. डिशच्या तारेवर मात्र नको, कारण त्याच तारेतून एलएनबीला (डिशवरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागाला) डीसी जातो आणि आयसोलेटर सहसा तो अडवतो. टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट असेल तर सगळ्यात उत्तम: त्यातून फक्त प्रकाश जातो, करंट जाऊच शकत नाही. लॅपटॉपचा चार्जर काढताच हम गेला, तर लूप चार्जरच्या वाटेने होता. अशा वेळी आरसीएच्या वाटेवर ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारांचा थेट जोड न ठेवता सिग्नल पुढे देणारा) लावा. अगदी स्वस्तातला घेऊ नका, तो बास खातो. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतल्यानेही पुष्कळदा फरक पडतो.

सगळे इनपुट काढूनही हम तसाच असेल, तर तो ग्राउंड लूप नाहीच. वीज 50 हर्ट्‌झची असेल तिथे 100 हर्ट्‌झचा, म्हणजे किंचित चढ्या स्वराचा हम येत असेल, तर पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर (वीज साठवून तिचे चढउतार सपाट करणारे भाग) थकल्याचा संशय घ्या. ते काम जाणत्या मेकॅनिककडेच द्या; बंद केल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो.