हाताने बनवलेलं म्हणून महाग, महाग म्हणून गुणकारी?

एक मजकूर बरेच दिवस फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच. हाताने बनवलेली नैसर्गिक क्रीम, साबण, सीरम महाग असतात कारण ती शुद्ध असतात. त्यांत केमिकल नसतं, प्रिझर्व्हेटिव्ह नसतं, जे आहे ते खाता येईल इतकं निर्धोक. लावल्यावर पुरळ आलंच तर ती त्वचेतली घाण बाहेर पडतेय, धीर धरा. मोठ्या कंपन्या नुसते जाहिरातीचे पैसे उकळतात. आणि एवढ्यावरही ‘पैसे वाया गेले’ म्हणणारं गिऱ्हाईक छोट्या उद्योजकाच्या पोटावर पाय देतं.

पैसे मोजून हिरमुसलेल्या माणसालाच हा मजकूर आरोपी करून टाकतो, म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेते.

किंमत शुद्धतेची असते, हा पहिला दावा. यातली अर्धी बाजू खरी आहे, ती आधी मान्य करू. छोटा उत्पादक तेलं डब्याने घेतो, टँकरने नाही. बाटल्या, डब्या, लेबलं थोडी थोडी घेतली की नगाला महाग पडतात. कोल्ड प्रोसेस, म्हणजे न शिजवता केलेला, साबण ओतल्यावर चार ते सहा आठवडे फळीवर सुकवत ठेवावा लागतो, तेवढे दिवस पैसा अडकलेला. एखादी बॅच फाटते, ती टाकून द्यावी लागते. हे सगळं किमतीत येणार आणि यायलाच हवं. पण यातला एकही खर्च त्वचेवर काय परिणाम होईल याच्याशी जोडलेला नाही. तुम्ही मोजता ती मेहनतीची आणि किरकोळ खरेदीची किंमत. कोरड्या त्वचेला ज्या गोष्टींचा खरोखर उपयोग होतो, त्यातलं ग्लिसरीन आणि पेट्रोलियम जेली या धंद्यातला अगदी स्वस्त माल आहे. त्वचेतून उडून जाणारं पाणी अडवण्यात पेट्रोलियम जेली बहुतेक वनस्पती तेलांना सहज मागे टाकते. एखाद्या बीचं तेल महाग असतं ते त्या बीतून फार थोडं निघतं म्हणून. त्वचेला हा हिशेब ठाऊक नसतो.

बरं, ते महागडं तेल डबीत असतं किती? डबी उलटी करून घटकांची यादी वाचा. बऱ्याच देशांत नियम असा की सगळ्यात जास्त असलेला घटक आधी आणि मग उतरत्या क्रमाने बाकीचे. एक टक्क्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. फिनॉक्सिइथेनॉल नावाच्या प्रिझर्व्हेटिव्हला युरोपीय संघात जास्तीत जास्त १ टक्का मर्यादा आहे. म्हणजे यादीत पाणी, खोबरेल, इमल्सिफाइंग वॅक्स, ग्लिसरीन, फिनॉक्सिइथेनॉल आणि मग केशराचा अर्क, गुलाबाचं तेल असा क्रम दिसला, तर समोर सोनेरी अक्षरांत मिरवणारं केशर बहुधा एक टक्काही नाही. ही हातचलाखी मोठे ब्रँड करतात तशी घरच्या ओट्यावर क्रीम घोटणारेही करतात. काहींकडे तर ही यादीच नसते, ‘प्रेम आणि वनस्पतींचे अर्क’ असलं काहीतरी लिहिलेलं असतं.

आता ‘केमिकल नाही’. साबणापासूनच सुरुवात करू, कारण हा दावा तिथे सगळ्यात जास्त उघडा पडतो. तेल आणि कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, यांची क्रिया झाल्याशिवाय साबण तयारच होत नाही. ‘आमच्या साबणात कॉस्टिक नाही’ याचे दोनच अर्थ निघतात. एक तर क्रिया पूर्ण होऊन ते संपलं आहे, आणि ते बरोबर आहे. नाहीतर विकणाऱ्याने तयार बेस, म्हणजे आधीच बनलेला बिनवासाचा साबण, आणला, वितळवला, रंग-वास घालून साच्यात ओतला. कॉस्टिक दुसऱ्या कुणाच्या तरी कारखान्यात वापरलं गेलं. तयार बेस वापरण्यात काही गैर नाही. पण त्याला ‘आमची स्वतःची पाककृती’ म्हणून तिप्पट भाव लावला, की हिरमुसण्याचा हक्क गिऱ्हाइकाचाच.

त्याच क्रियेत साबणात घातलेल्या ‘गुणकारी’ गोष्टींचं काय होतं तेही बघण्यासारखं आहे. हळद तीव्र अल्कलीत पडली की पिवळीची लालसर तपकिरी होते, आणि पुढे उजेडात तो रंगही विटत जातो. मधातली आणि दुधातली साखर तापून करपटते, म्हणून असे साबण तपकिरी पडतात. जे काही तगून राहतं तेही अंगावर काही सेकंद असतं आणि पाण्याबरोबर मोरीत जातं. साबणाने मळ निघतो, चांगल्या साबणाने तो जरा सौम्यपणे निघतो. इतकंच सांगितलं असतं तर कुणाची तक्रार नव्हती. ‘पीएच बॅलन्स्ड हँडमेड साबण’ हा आणखी एक लाडका दावा. पीएच म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली. खऱ्या साबणाचा पीएच साधारण ९ ते १० असतो, त्वचेच्या पृष्ठभागाचा ५ च्या आसपास. साबणात आम्ल घालून पीएच खाली आणायला गेलात तर साबण फुटतो आणि स्निग्धाम्लं वेगळी होतात. त्वचेच्या पीएचची वडी हवी असेल तर ती सिंथेटिक डिटर्जंटची घ्यावी लागते, म्हणजे नेमकी जिच्या विरोधात हा सगळा मजकूर आहे ती.

‘९८ टक्के नैसर्गिक’ हा आकडाही जरा चिमटीत धरून बघा. नैसर्गिक घटकांचं प्रमाण काढायची आयएसओ १६१२८ नावाची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. तिच्यात पाणी शंभर टक्के नैसर्गिक धरलं जातं. बहुतेक लोशनमध्ये निम्म्याहून जास्त पाणीच असतं. पुढचं गणित तुम्हीच करा.

आता ज्या मुद्द्यावर मला खरोखर काळजी वाटते तो. ‘प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री, म्हणून ताजं’. नुसत्या तेलाच्या किंवा मेणाच्या मलमात पाणी नसतं, तिथे जंतू वाढत नाहीत, म्हणून प्रिझर्व्हेटिव्हशिवाय चालून जातं. पण ज्या क्षणी डबीत पाणी, गुलाबजल, कोरफडीचा गर किंवा कसलाही काढा येतो, त्या क्षणी हिशेब बदलतो. क्रीममध्ये पाणी आहे, अन्न आहे, आणि रोज एक बोट आत जातंय. बुरशी दिसली तर नशीब म्हणायचं. झाकणाच्या आतल्या कडेला करडे-काळे ठिपके, वर सुटलेलं पाणी, किंचित आंबूस वास. निदान डबी फेकून तरी देता येते. बॅक्टेरिया वाढले की क्रीम पांढरं, गुळगुळीत, सुवासिकच राहू शकतं. स्युडोमोनास नावाचा जंतू अशा ओलसर मालात मजेत राहतो आणि डोळ्यात गेला तर गंभीर संसर्ग करू शकतो. म्हणूनच आयएसओ ११९३० ही चाचणी आहे. मालात मुद्दाम ठरावीक जंतू आणि बुरशी सोडायची आणि २८ दिवस ती कमी होतात का ते मोजायचं. ‘मी स्वतः वर्षभर वापरतेय, काही झालं नाही’ हे त्या चाचणीचं उत्तर होऊ शकत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं की आम्ही व्हिटॅमिन ई घालतो, ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क घालतो. व्हिटॅमिन ई तेल खवट होण्याचा वेग कमी करतं, जंतू मारत नाही. ग्रेपफ्रूटच्या अर्काची गोष्ट तर मजेशीर आहे. बाजारातले असे अर्क संशोधकांनी तपासले तेव्हा जंतू मारण्याचं काम करणारा घटक अनेक नमुन्यांत बेंझिथोनियम क्लोराइड निघाला, म्हणजे चक्क सिंथेटिक जंतुनाशक. ज्यांत तो नव्हता त्या नमुन्यांनी जंतूंना काही केलं नाही.

मग पॅराबेन या जुन्या, खूप वापरल्या गेलेल्या प्रिझर्व्हेटिव्हची भीती कुठून आली? २००४ साली एका छोट्या अभ्यासात स्तनाच्या गाठींच्या २० नमुन्यांत पॅराबेन सापडले. ते गाठीचं कारण आहेत असं त्या अभ्यासाने दाखवलं नव्हतं, तुलनेला निरोगी ऊतीही घेतल्या नव्हत्या. पण बाजाराने पॅराबेन टाकले आणि त्यांच्या जागी मिथाइलआयसोथायाझोलिनोनसारखे दुसरे प्रिझर्व्हेटिव्ह जास्त वापरले जाऊ लागले. पुढे त्याचीच ॲलर्जी इतकी वाढली की अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने त्याला २०१३ चा ‘ॲलर्जन ऑफ द इयर’ ठरवलं. त्याच संस्थेने २०१९ मध्ये पॅराबेनना ‘नॉन-ॲलर्जन’, म्हणजे सहसा ॲलर्जी न आणणारे, म्हणून निवडलं. काही पॅराबेनवर युरोपात बंदी आहे हेही खरं, पण नियमानुसार मर्यादेत वापरलेला मिथाइलपॅराबेन मला बुरशीपेक्षा कधीही परवडेल.

‘खाता येत नसेल तर त्वचेवर लावू नका’ हे वाक्य ऐकायला झकास आहे, पण पोट आणि त्वचा ही दोन वेगळी दारं आहेत. लिंबाचा रस पोटाला चालतो. तोच चेहऱ्यावर लावून उन्हात गेलात तर काही जणांना भाजल्यासारखे चट्टे उठतात, कारण त्यातले फ्युरोकुमरिन नावाचे घटक उन्हातल्या अतिनील किरणांत क्रिया करतात. याहून बोलकी गोष्ट जपानची. तिथे गव्हाच्या प्रथिनाचा प्रक्रिया केलेला अंश घातलेला एक चेहऱ्याचा साबण खूप खपला. रोज तो लावून दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाचीच ॲलर्जी जडली, म्हणजे पुढे पोळी-पाव खाल्ला तरी त्रास. २०११ मध्ये तो साबण परत मागवावा लागला. अन्न त्वचेवाटे गेलं की शरीर त्याला शत्रू समजू शकतं, ते असं.

सुगंधी तेलांचंही तेच. लॅव्हेंडरमधलं लिनालूल, संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन हवेशी संयोग झाल्यावर ॲलर्जी आणणारी रूपं धरतात. म्हणून युरोपात आधी २६ सुगंधी घटक लेबलवर लिहिणं सक्तीचं होतं, २०२३ च्या नियमाने ती यादी ८० च्या पुढे गेली. यातले बरेच घटक फुलापानांतूनच येतात.

पुरळ म्हणजे घाण बाहेर पडतेय, हा मुद्दा मी थोडक्यात उडवून लावणार. रेटिनॉइड किंवा सॅलिसिलिक आम्लासारखे घटक पेशी बदलण्याचा वेग वाढवतात, तेव्हा आत दबलेल्या पुटकुळ्या काही आठवडे वर येऊ शकतात. खोबरेल, शिया बटर किंवा साबण असं काही करत नाही. त्याने पुटकुळ्या आल्या तर रंध्रं बुजली आहेत. आग, खाज, लाली असेल तर दाह किंवा ॲलर्जी आहे. अशा वेळी धीर धरायचा नसतो, वापर थांबवायचा असतो. आणि एखादं ‘जडीबुटीचं’ क्रीम आठवड्याभरात रंग उजळवत असेल तर जास्तच सावध व्हा. न सांगता घातलेला स्टेरॉइड किंवा पारा अशा क्रीममध्ये जगभर सापडत आला आहे. इतका, की पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या मिनामाटा या आंतरराष्ट्रीय करारात पाऱ्याच्या सौंदर्यप्रसाधनांची वेगळी नोंद आहे.

सनस्क्रीनबद्दल एकच सांगते. घरी झिंक ऑक्साइडची पावडर तेलात ढवळून एसपीएफचा, म्हणजे ऊन किती अडतं त्याचा, आकडा लिहिणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. पावडरीच्या गुठळ्या डोळ्यांना दिसत नाहीत, दोन गुठळ्यांमधली उघडी त्वचाही दिसत नाही. तो आकडा चाचणीतूनच मिळतो.

मोठ्या कंपन्या जाहिरातीचे पैसे घेतात? घेतात, भरपूर. पण त्याच किमतीत स्थिरतेच्या चाचण्या, सूक्ष्मजीव तपासणी, तक्रार आली तर माल परत बोलावण्याची यंत्रणाही बसते. त्यांच्याकडे दोष नाहीत असं नाही, पोकळ दावे करण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पण त्यांचा दावा पोकळ असला म्हणून दुसऱ्याचा आपोआप भरीव होत नाही.

राहिला पोटावर पाय. उत्पादकावर अन्याय करणाऱ्याही काही तक्रारी असतात. शिया बटर रवाळ झालं म्हणजे खराब झालं असं अनेकांना वाटतं. ते हळूहळू थंड होताना त्यातले जड स्निग्धांश गोठून दाणे धरतात, लावायला काहीच हरकत नाही. साबणावर पांढरी पूड दिसली तर ती बहुधा सोडा ॲश, म्हणजे धुण्याचा सोडा, पुसली की जाते. या गोष्टी विकणाऱ्याने आधीच सांगितल्या तर निम्मी भांडणं होणार नाहीत. पण खवट वास, फाटलेलं क्रीम, ठिपके, चेहऱ्यावर उठलेलं पुरळ या खऱ्या तक्रारी आहेत. त्यावर विकणाऱ्याने बॅच नंबर विचारायचा, डबी कधी उघडली ते विचारायचं, फोटो मागायचा, त्याच बॅचच्या बाकीच्या गिऱ्हाइकांना कळवायचं. असं करणारे छोटे उत्पादक आहेत, आणि त्यांचा माल महाग असला तरी लोक पुन्हा घेतात. बाकीच्यांकडे निदान घटकांची संपूर्ण यादी तरी मागा. ‘ते आमचं सिक्रेट आहे’ असं उत्तर आलं तर घेऊ नका. पुरळ घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जायची वेळ आलीच, तर पॅच टेस्ट, म्हणजे घटक त्वचेवर चिकटवून ॲलर्जी तपासणं, कशाकशाची करायची हे ठरवायला डॉक्टर सगळ्यात आधी तीच यादी मागतील.